शेजारचा ब्रेक

कुंड्या फुटल्या त्या दिवशी दुपारच्या जेवणात कोणी फारसं बोललं नाही. ताटं उचलली गेली, नाना सवयीप्रमाणे वरच्या खोलीत जाऊन आडवे झाले आणि मग घरातली बाकीची माणसं एकेक करून खालच्या वर्गात उतरली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. या घरातलं महत्त्वाचं बोलणं स्वयंपाकघरात कधी झालंच नाही. ते ड्रायव्हिंग स्कूलच्या या वर्गात व्हायचं. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते होते, फळ्यावर लोहचुंबकाच्या छोट्या मोटारी चिकटलेल्या होत्या आणि कोपऱ्यात काकांनी उभा चिरून स्टँडवर बसवलेला एक जुना गिअरबॉक्स होता. शिकाऊ लोक त्याचे दात बघून घाबरत आणि काका त्यांना आणखी घाबरवत.

सून शेवटच्या बाकावर पाय लांब करून बसली. सकाळी आपटलेला गुडघा आता चांगलाच सुजला होता.

"पुन्हा एकदा सांग," तिचा नवरा म्हणाला. मोठ्या बहिणीच्या, ताईच्या पाठचा म्हणून घरात तो अजून धाकटाच होता, दुसऱ्या गावी मोठ्या पदावर नोकरीला असला तरी.

"काय सांगू? तुझ्या गाडीची नानांना फार हौस होती. म्हणाले, चल, रोपं आणायची आहेत ना तुला, मी चालवतो. रोपवाटिकेच्या दारापर्यंत सगळं छान होतं, गप्पा चालल्या होत्या. दार दिसलं तसं मी म्हटलं, नाना, इथेच थांबवा. ते हो म्हणाले. आणि गाडी थांबली नाही, सरळ कुंड्यांवर गेली."

"म्हणजे ब्रेक लागला नाही?"

"ब्रेक कोणी लावलाच नाही." ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "मी लावला. म्हणजे पाय दाबला, अगदी जोरात. पण तिथे ब्रेकच नव्हता."

काका आधी हसले. नानांचे हे धाकटे भाऊ स्कूलच्या गाड्यांचे मेकॅनिक होते आणि शेजारच्या सीटसमोर क्लच-ब्रेकची दुसरी जोडी बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "अगं, नवऱ्याच्या गाडीत दुसरा ब्रेक कुठून येणार? तो काय शिकवणी घेतो का? आणि तू तरी कशाला दाबायला गेलीस?"

"सवयीने," सून म्हणाली.

तो शब्द उच्चारल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. नवरा बाहेरगावी असला तरी ती इथेच राहायची; या घरात येऊन तिला काही वर्षं झाली होती, पण अजूनही एखादी गोष्ट बोलायची की नाही याचा अंदाज ती आधी सासूच्या चेहऱ्यावरून घ्यायची. आता तिने आईंकडे पाहिलं, तर आई पदराच्या टोकाची बारीक घडी घालत होत्या.

"कसली सवय?" धाकट्याने विचारलं.

उत्तर ताईकडून आलं. ती फळ्यापाशी उभी होती. शिकाऊंचे तोंडी वर्ग घेणं आणि कोणाला कोणत्या गाडीवर पाठवायचं ते ठरवणं, ही तिची कामं. ती सुनेकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "तूही?"

"ताई, म्हणजे तुम्ही..."

"थंडीपासून. नाना स्कूलची गाडी घेऊन कुठेही निघाले की मी शेजारी बसते आणि पाय पेडलवर ठेवते. आधी नुसता ठेवायचे. मग दाबायची वेळ यायला लागली."

"थांबा," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं, पण त्याला आता आधार उरला नव्हता. "सुटे भाग आणायला मी त्यांच्याबरोबर जातो, तेव्हा मी दाबतो. मला वाटत होतं, हे फक्त मलाच ठाऊक आहे. म्हणून तर कोणाला बोललो नाही." मग एकदम काहीतरी आठवून ते आईंकडे वळले. "वहिनी, तुम्ही मला म्हणाला होतात, ते शेजारचं पेडल फार जड जातं, जरा हलकं करा. मी म्हटलं, एखादी शिकाऊ बाई तक्रार करत असेल."

आईंनी घडी सोडली. "मला गाडी येत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते पेडल कुठे आहे ते मला माहीत आहे."

वरच्या मजल्यावर नाना कूस बदलत असावेत. पलंग करकरला, तसे सगळ्यांनी नकळत छताकडे पाहिलं.

धाकट्याला आधी राग आला आणि त्या रागाखाली काय आहे ते कळायला त्याला वेळ लागला. चार माणसं, एकमेकांना न सांगता, एकाच गाडीत पाळीपाळीने बसून एकाच पेडलवर पाय ठेवत होती, आणि तो पाय त्याचा कधीच नव्हता. स्कूल सांभाळणार नाही असं सांगून तो घराबाहेर पडला तेव्हापासून वडिलांच्या शेजारी तो बसलाच नव्हता. सणावारापुरता यायचा, स्वतःच्या गाडीतून यायचा आणि स्वतःच्या गाडीतून जायचा.

"मला कोणीच सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" आईंनी विचारलं.

"किल्ल्या काढून घेतल्या असत्या. त्याच दिवशी."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आई, आज कुंड्या होत्या. उद्या तिथे कोणी उभं असेल. आणि ते शिकवायलाही जातात अजून, परक्या माणसांना घेऊन."

"तयार झालेले शिकाऊच पाठवते मी त्यांच्याकडे," ताई म्हणाली. "नवीन कोणी नाही." म्हणताना हे समर्थन आहे की कबुली, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

"वय होतंय त्यांचं, दुसरं काय," काका म्हणाले. "एवढा बाऊ करू नका. मी रोज सकाळी चष्मा शोधतो. माणसांची नावं तर माझी कधीच गेली. परवा माझ्या व्याह्यांना मी अर्धा तास 'साहेब, साहेब' म्हणत बसलो होतो."

"काका, चष्मा सापडल्यावर तुम्ही तो नाकावरच ठेवता ना?"

"मग कुठे ठेवणार?"

"तेच म्हणतेय मी." ताई बाकावर टेकली. इतके महिने जे मनाशीसुद्धा धड बोलली नव्हती, ते आता तिच्या तोंडून एकामागून एक येऊ लागलं. "मागच्या महिन्यात त्या परिचारिकाबाईंना त्यांनी चढावावर गाडी उचलायला शिकवली. फार सुंदर शिकवली. आणि दहा पावलं पुढे जाऊन तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा शिकवलं, शब्दाला शब्द तसाच. बाईंना वाटलं, सर उजळणी घेतायत. परीक्षेच्या मैदानाकडे जाताना ते शिकाऊंना विचारतात, 'तुम्हाला कुठला रस्ता सोयीचा वाटतो?' सगळे म्हणतात, काय छान पद्धत आहे. काका, ती पद्धत नाहीये. त्यांना रस्ता सापडत नाहीये. जन्मभर ज्या रस्त्यावरून गेले तो रस्ता."

काकांनी गिअरबॉक्सचं एक दातेरी चाक बोटाने फिरवून पाहिलं.

"डॉक्टरांना दाखवायला हवं," सून म्हणाली.

"नको," आई म्हणाल्या. इतक्या पटकन, की ते उत्तर कधीपासून तयार होतं हे सगळ्यांना कळलं. "डॉक्टर एकदा त्याला नाव देतील. आणि नाव दिलं की ते घरात राहायला येतं. मग सकाळी उठून मी ह्यांना चहा देणार नाही, त्या नावाला देणार. आज ते विसरतात ते ह्यांचं विसरणं आहे. एवढं तरी ह्यांचं राहू दे."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताई तर आईंच्याच बाजूने झुकल्यासारखी दिसली. काल कोणी विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. सुनेने गुडघ्यावरून हात फिरवला. सासूला उलटून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि आता ती जे बोलली ते उलटून बोलण्यासारखं वाटलंही नाही.

"आई, नाव दिलं नाही तरी ते आलेलंच आहे. आपण फक्त त्याच्याशी बोलत नाही आहोत. आणि ते काय आहे ते आपल्याला कुठे माहीत आहे? माझ्या मावशीला असंच व्हायचं. थायरॉइड निघालं. गोळी सुरू केली आणि ती हळूहळू सुधारली. तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण तसं असलं आणि आपण नुसते ब्रेक दाबत बसलो, तर?" तिने फळ्यावरच्या मोटारींकडे पाहिलं. "मी इथे आले तेव्हा स्टिअरिंगला हात लावायला घाबरायचे. लग्नाआधीच्या त्या अपघातानंतर गाडीत बसले की घाम फुटायचा. नाना रोज मला बंद गाडीत घेऊन बसायचे. इंजिन बंद. काय चुकलं ते सांगायचे, आणि जे चुकलं नाही ते चुकलं म्हणायचे नाहीत. बरं वाटावं म्हणून त्यांनी मला एकदाही खोटं सांगितलं नाही."

हा स्कूलचा नियमच होता. शिकाऊची चूक त्याच दिवशी सांगायची, गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून. चालत्या गाडीत नाही आणि घरी तर नाहीच. नानांनी तो केव्हा घातला ते कोणाला आठवत नव्हतं. पण ताई, धाकटा आणि सून, तिघंही त्याच बंद गाडीत आपापल्या चुका ऐकून तयार झाली होती.

"आणि आपण नानांची चूक चालत्या गाडीत झाकत राहिलो," ताई म्हणाली. "इतके महिने."

"मी सांगतो त्यांना," धाकटा उठला.

"तू बस. तू सांगत नाहीस, तू निकाल देतोस."

"ताई..."

"खोटं आहे का?"

त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. सहसा ती त्याच्या बाजूने असायची. आज तिने मान हलवली नाही. तो परत बसला.

"मीच सांगते," ताई म्हणाली आणि सुनेला म्हणाली, "पण तू मागे बस. मला एकटीला नाही जमायचं."

ताई किल्ली घेऊन निघाली तेव्हा आईंनी तिच्या खांद्यावरचा खडूचा पांढरा डाग हाताने झटकून टाकला, आणि हीच त्यांची संमती आहे असं ताईने धरलं.

*

संध्याकाळी नाना खाली आले तेव्हा स्कूलची गाडी अंगणात उभी होती. ताई चालकाच्या जागी होती, सून मागे. नाना क्षणभर पायरीवर थबकले. मग गाडीला वळसा घालून आपल्या नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. पट्टाही लावला.

"इंजिन बंद आहे," ते म्हणाले. "चूक कोणाची?"

"तुमची, नाना."

"बोल."

ताईने ठरवलं होतं की वयाबद्दल बोलायचं नाही, काळजीबद्दल बोलायचं नाही, नानांनी तिला जसं शिकवलं होतं तसं फक्त घडलेलं सांगायचं. तिने चढावावरच्या गाडीबद्दल सांगितलं, मैदानाच्या रस्त्याबद्दल सांगितलं, सिग्नल हिरवा झाल्यावरही न हललेल्या गाडीबद्दल आणि लाल असताना निघालेल्या गाडीबद्दल सांगितलं. बोलताना ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी तिने ब्रेकबद्दल सांगितलं.

नानांनी तिच्या पावलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेव. नुसता ठेव, दाबू नकोस."

तिने ठेवला. त्यांनी आपल्या बाजूचं पेडल हळूच खाली नेलं. दोन्ही पेडलं एकाच दांड्याला जोडलेली. तिच्या पावलाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला.

"कळलं पायाला?"

"हो."

"मलाही कळायचं."

मागच्या सीटवर सून पुढे सरकली.

नानांना खरं तर याहून जास्त सांगायचं होतं, पण शब्द हल्ली वेळेवर येत नसत आणि जे येत ते कधीकधी दुसरेच असत, म्हणून ते जपून, थांबत थांबत बोलले. "जन्मभर मी या बाजूला बसलो. दुसऱ्याच्या पायाखालचा ब्रेक मी किती वेळा दाबला असेल? आणि माझ्या पायाखालचा खाली गेला तर मला समजणार नाही होय? तुमचे सगळ्यांचे पाय मी ओळखतो. तू शिकवल्यासारखा दाबतेस, हळूहळू, शेवटी सोडून. तुझा काका म्हणजे हातोडा. आणि तुझी आई तर वळण दिसायच्या आधीच दाबते. गाडी बंद पडायची एखाद्या दिवशी."

ताईला हसू आलं आणि ते तिला आवरता येईना.

"पहिल्यांदा राग आला," नाना म्हणाले. "वाटलं, ओरडावं. पण मग बरं वाटायला लागलं. म्हटलं, आपण चुकलो तर कोणीतरी आहे. आणि तिथेच घोटाळा झाला. मी बघायचंच सोडलं. आज सकाळी दार दिसलं, मला ब्रेक लावायचाय हेही कळलं." ते मान वळवून मागे बघायचा प्रयत्न करू लागले, पट्ट्याने जमेना. "मी तुझी वाट बघत होतो, पोरी. म्हटलं, आता ही दाबेल. गाडी दुसरी आहे, हे डोक्यातच नाही."

"मीही दाबला, नाना," सून म्हणाली. आता ती रडत होती.

"माहीत आहे. रडू नकोस. गुडघा कसा आहे?"

"सुजलाय थोडा."

"बर्फ लाव."

अंगणात उजेड कमी होत चालला होता. समोरच्या इमारतीत कोणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं. ताईने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "डॉक्टरांकडे जाऊ या, नाना. फक्त याच्यासाठीचे डॉक्टर असतात, स्मरणाचे. मी चौकशी केलीय." तिने चौकशी थंडीतच केली होती, नंबर तेव्हापासून फोनमध्ये होता आणि तो तिने कधी लावला नव्हता.

"परीक्षा घेतील."

"घेतील."

"आणि नापास झालो तर? मग शिकवायचं बंद. हे सीट बंद." त्यांनी सीटच्या कडेवर तळहात ठेवला. "मला दुसरं काही येत नाही, गं."

त्यांना खरी भीती कशाची होती ते ताईला तेव्हा कळलं आणि तिने बरं वाटेल असं काही सांगितलं नाही. "बंद होईलही कदाचित. पण आत्ता आम्ही सगळे अंदाजाने पाय मारतोय. नक्की काय झालंय ते कळलं तर तुम्हाला जिथे हवी तिथे मदत करू, नको तिथे करणार नाही."

नानांनी पट्टा सोडवला. "येतो," ते म्हणाले. "पण धाकट्याला बरोबर घे."

"त्याला?" ताईला आश्चर्य लपवता आलं नाही. "तो तुम्हाला रागावेल तिथे."

"रागावू दे. तुम्ही सगळे मला सांभाळून घेता. डॉक्टरांसमोरही घ्याल. तो घेणार नाही."

*

स्मरणाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी आधी नानांशी एकट्याशी गप्पा मारल्या, मग घरच्यांना वेगळं बसवून विचारलं. धाकट्याने वडिलांनी नेमून दिलेलं काम केलं; कुंड्यांपासून सुरुवात करून काही न झाकता सगळं सांगितलं. पण डॉक्टरीणबाई विचारू लागल्या की झोप कशी आहे, ऐकू नीट येतं का, मन उदास असतं का, रोज कोणती औषधं घेतात, तेव्हा एकामागून एक प्रश्नाला त्याला ताईकडे आणि आईकडे पाहावं लागलं. आई सांगत गेल्या. अंगाला खाज येते म्हणून किती वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेली गोळी हे रोज झोपताना घेतात. तिने झोप छान लागते म्हणून कधी सोडलीच नाही. हे सांगताना आईंना वाटलं की ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे. डॉक्टरीणबाईंनी मात्र गोळीचं नाव दोनदा विचारून घेतलं.

मग नानांना शब्द लक्षात ठेवायला दिले, उलटी वजाबाकी करायला लावली, घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी वर्तुळ सुरेख काढलं, आकडे जागच्या जागी बसवले आणि काट्यांपाशी येऊन अडले. पेन्सिल कागदाच्या वर थांबून राहिली. ते काटे धाकट्याने मनातल्या मनात काढून दिले. त्याचा हात मांडीवर खरोखर हलला. आपणही सांभाळून घ्यायला लागलो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात मुठीत दाबून धरला.

"पास की नापास?" नानांनी विचारलं.

"इथे तसं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मीही शिकाऊंना हेच सांगायचो. खोटं असायचं ते."

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या, पण उत्तर त्यांनी रक्ताचे अहवाल आणि मेंदूचं छायाचित्र हातात आल्यावरच दिलं. त्या दिवशी सगळे पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसले होते आणि आईंनी पदराची घडी इतकी लहान केली होती की ती आणखी लहान होणं शक्य नव्हतं.

"दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या रक्तात ब-बारा हे जीवनसत्त्व फार कमी आहे, त्याची इंजेक्शनं आजच सुरू करू. आणि ती रात्रीची गोळी या वयात मेंदूला सुस्त करते, ती बंद. खाजेसाठी दुसरं देते. या दोन्हींमुळे किती फरक पडतो ते काही महिन्यांत दिसेल. पण सगळं त्यामुळेच झालंय असं मी म्हणणार नाही. त्याखाली सौम्य असं काहीतरी दुसरंही असू शकतं. त्याला मी आज नाव देत नाही, कारण आज दिलं तर तो अंदाज होईल. आपण लक्ष ठेवू."

"आणि गाडी?" हा प्रश्न नानांनीच विचारला.

"तोपर्यंत नाही. चालवायची नाही, शेजारी बसून शिकवायचीही नाही. नंतर रीतसर चाचणी घेऊन ठरवू. परत मिळेलच असं वचन देऊ शकत नाही."

नानांनी मान डोलवली. कडेला घेतलेल्या गाडीत आपली चूक ऐकणाऱ्या शिकाऊने डोलवावी तशी.

"आम्ही आधी यायला हवं होतं," ताई म्हणाली. ते वाक्य तिच्या मनात कित्येक दिवस होतं.

"घरची माणसं जेवढी मायेची, तेवढा उशीर होतो; मी रोज बघते. विसरणं सगळ्यांचंच असतं. पण जे काम माणूस डोळे मिटून करायचा तेच अडायला लागलं, आणि घरातल्यांना ते भरून काढावं लागलं, की विचारायला यावं. एवढंच पुरतं, त्यासाठी नक्की काय झालंय ते घरी ठरवावं लागत नाही. तुम्ही उशिरा आलात, पण फार उशिरा नाही. सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात आलं?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझ्या," नाना म्हणाले.

आईंच्या हातातली घडी सुटली. इतके दिवस ज्या एका गोष्टीची त्यांना धास्ती होती, की हे आतून कुठेतरी एकटे पडलेत आणि त्यांना स्वतःला ते माहीतही नाही, ती गोष्ट तशी नव्हती. ह्यांना माहीत होतं. ते आपल्याबरोबरच भीत होते. त्या हलक्या मनाने उठल्या. दारापाशी त्या वळल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "तुम्ही त्याला नाव दिलं नाहीत, त्याबद्दल आभार. द्यायची वेळ आली तर मलाही सांगा. आता मी ऐकेन."

*

परतताना धाकट्याने गाडी काढली. शेजारी आई बसल्या. त्यांचा पाय दोनतीनदा रिकाम्या जागी पुढे सरकला आणि मागे आला. मागच्या सीटवर ताई आणि सून यांच्या मधोमध नाना होते. त्यांना कोणी तिथे बसवलं नव्हतं. दार उघडल्यावर ते आपणहून मागे चढले, आणि गुडघे कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना, कारण मोटारीच्या मागच्या सीटवर ते बहुधा कधी बसलेच नव्हते.

"काका विचारत होते, काय झालं म्हणून," सून फोनमध्ये बघत म्हणाली. "म्हणतायत, दुसरी जोडी काढून ठेवू का."

"त्याला म्हणावं, पेडल काढू नकोस, स्वतः बस त्या बाजूला," नाना म्हणाले. "शिकवायला माणूस लागेल आता. हातोडा चालवायची सवय आहेच. आणि ताई लक्ष ठेवेल."

"मी शिकवीन," ताई म्हणाली. "तुम्ही वर्गात बसा माझ्या. फळ्यावरच्या गाड्या हलवायला तरी परवानगी आहे."

"बघू. मुलं फार प्रश्न विचारतात."

सिग्नलला गाडी थांबली. धाकट्याने ती अगदी सावकाश थांबवली. शेवटी ब्रेक जरासा सोडला, त्यामुळे थांबताना कोणाची मान पुढे गेली नाही. हे तो नेहमीच असं करायचा आणि असं का करतो याचा विचार त्याने कधी केला नव्हता. आरशात त्याला वडिलांचा चेहरा दिसला. ते त्याच्या हातांकडे बघत होते.

"गाडी बरी चालवतोस," नाना म्हणाले. "कोणी शिकवलं?"

आईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ताईचा हात आपसूक नानांच्या मनगटावर गेला. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तरी धाकट्याला निघता येईना.

"तुम्हीच, नाना," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. सगळं."

"ते माहीत आहे रे मला," नाना म्हणाले. "तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आता नीघ, हिरवा झालाय."